जुनी वास्तू आणि नवे बांधकाम

प्राचीन वास्तूच्या सान्निध्यात नवी इमारत उभारणे हे वास्तुविदाच्या कौशल्याइतकेच त्याच्या विवेकाचीही परीक्षा पाहणारे कार्य होय. वाराणसीत या प्रश्नाला निरनिराळ्या काळांत निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत.

सारनाथचे वस्तुसंग्रहालय १९१० साली पूर्ण झाले. वास्तुविद जेम्स रॅन्सम यांनी त्याचा आराखडा अर्ध्या संघारामाच्या धर्तीवर आखला. परिसरातील भग्न विहारांशी नव्या इमारतीचे नाते अशा रीतीने जोडले गेले आणि अवशेषांना धक्काही लागला नाही.

विश्वनाथ मंदिराचा प्रश्न अधिक बिकट होता. अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविलेल्या या मंदिराभोवती घरांची इतकी दाटी झाली होती, की भाविकांना अरुंद गल्ल्यांतूनच वाट काढावी लागे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचे प्रमुखपद भूषविलेले वास्तुविद बिमल पटेल यांनी मंदिर व गंगा यांना जोडणाऱ्या परिसराची आखणी केली. २०१९ च्या मार्चमध्ये पायाभरणी झाली व १३ डिसेंबर २०२१ रोजी पहिल्या टप्प्याचे उद्‌घाटन झाले. शासकीय माहितीनुसार हा परिसर सुमारे पाच लाख चौरस फुटांचा आहे.

नव्या बांधकामात चुनारचा वालुकाश्म वापरला आहे. वाराणसीचे अनेक घाट याच दगडाचे असल्यामुळे रंग व पोत यांच्या द्वारे जुन्या-नव्याचा मेळ साधतो. शिवाय घरांच्या भिंतींआड दडलेली चाळीसहून अधिक देवळे मोकळी झाल्याचे शासनाने सांगितले.

परंतु त्यासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता संपादन कराव्या लागल्या. लाहौरी टोल्यासारखी वस्ती व तिच्या गल्ल्या नाहीशा झाल्या. समर्थकांना यात भाविकांची सोय आणि मंदिराची मुक्तता दिसते. टीकाकारांच्या मते गल्ली, घर व देऊळ मिळूनच काशीची वास्तू घडते. त्यांतील केवळ देऊळ राखल्याने वारसा राखला जात नाही.

यावरून अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. समान दगड, समान कमान वा समान उंची यांनी दृश्य मेळ साधतो. परंतु जुने म्हणजे नेमके काय, एकटे स्मारक की त्याभोवतीचे लोकजीवनही, हे आधी ठरवावे लागते. आराखड्याची पहिली रेषा ओढण्यापूर्वीच हा निर्णय झालेला असतो, आणि पाडलेली गल्ली पुन्हा उभारता येत नाही.