नेपाळात सेवेसाठी जाताय? आधी शुल्काचा हिशेब मागा

काठमांडू-पोखऱ्याच्या सहलीला जोडून आठ-पंधरा दिवस गावात काम करायची ‘सेवासहल’ आता विकत मिळते. पैसे भरण्याआधी दोन हिशेब मांडा: ती तुम्हाला केवढ्याला पडते आणि गावाला केवढ्याला.

तुमचा खर्च
भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. प्रवास आणि विमा शुल्कात धरलाय का, ते विचारा. राहणं-जेवण, कामाचं साहित्य, स्थानिकांचे पगार आणि मध्यस्थाचं कमिशन, अशी शुल्काची फोड लेखी घ्या. समजा, ४०,००० रुपयांतले २५,००० मध्यस्थाने ठेवले, तर गावाला उरले १५,०००. तुमचं खाणंपिणंही त्यातच.

गावाचा फायदा
स्यांग्जा जिल्ह्यातल्या सिरुबारीत १९९७ पासून गावकरी पाहुण्यांना घरी ठेवतात. अशा होमस्टेत पैसा थेट घरात येतो. नर्स किंवा इंजिनिअरने स्थानिकांना शिकवलं, तर ते कौशल्य गावात टिकतं.

गावाचं नुकसान
हौशी पाहुण्यांनी भिंत बांधली की गवंड्याची मजुरी बुडते. दर पंधरवड्याला शिक्षक बदलला की मुलांचा अभ्यास विस्कटतो.

सर्वांत मोठी किंमत मोजतात ती अनाथाश्रमातली मुलं. हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं काठमांडूत आणली. नेपाळच्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं आहे. पाहुणे आणि देणग्या येत राहिल्या, की मुलं घरी पाठवणं चालकाला परवडत नाही.

पैसे भरण्याआधी विचारा
- हे काम गावाने मागितलंय का?
- स्थानिक माणूस ते मजुरीवर करू शकेल का?
- तुम्ही परतल्यावर ते कोण चालवणार?
- मुलांमध्ये काम असेल, तर तुमचं पोलीस पडताळणी प्रमाणपत्र मागतात का? न मागणाऱ्या संस्थेकडे जाऊ नका.

आमचा सल्ला
अनाथाश्रमातली सेवासहल फुकट मिळाली तरी घेऊ नका. गावाला हवं असलेलं कौशल्य तुमच्याकडे नसेल, तर पर्यटक म्हणूनच जा. होमस्टेत राहा, घासाघीस न करता पूर्ण भाडं द्या, गावातलाच गाईड घ्या. मुलांसाठी काही द्यायचं असेल, तर ती आईवडिलांजवळ राहून शिकतील अशा कामाला द्या.