शेजारच्या कारखान्यात कोणता गॅस आहे?

‘गॅस लागला’ असे सांगून रुग्णाला दवाखान्यात आणतात तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, ‘कोणता गॅस?’ बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. कोणी म्हणतो बर्फाच्या कारखान्यातला, कोणी म्हणतो पाण्याच्या टाकीजवळचा. कारखान्याचा माणूस सोबत असेल तर तो नाव सांगायला कचरतो. पुढचे उपचार आणि मागे राहिलेल्यांनी कोणीकडे पळायचे हे मात्र त्या नावावरच ठरते. म्हणून आज एखाद्या आजाराऐवजी एका नियमाविषयी लिहीत आहे. आरोग्याच्या सदरात कायदा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण हा कायदा औषधाइतकाच उपयोगी आहे, आणि औषधाप्रमाणेच तो वेळेवर घ्यावा लागतो.

आपल्या गावात केमिकल फॅक्टरी नाही, मग हा विषय आपल्याला कशाला, असेही कोणी म्हणेल. बर्फाचा कारखाना आहे का? बटाटा किंवा मासळी ठेवण्याचे शीतगृह? दूध थंड करण्याचे केंद्र? यांपैकी पुष्कळ ठिकाणी थंडावा निर्माण करण्यासाठी अमोनिया वापरतात. नगरपालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र असेल तर तेथे बहुधा क्लोरीनची टाकी, म्हणजे ज्याला ‘टनर’ म्हणतात ती, आडवी ठेवलेली दिसेल. एका टनरमध्ये सुमारे ९०० किलो क्लोरीन असतो. पाणी शुद्ध करणारा हा वायू मोकळा सुटला तर फुप्फुसे जाळतो.

हे दोन्ही वायू अगदी वेगळ्या स्वभावाचे आहेत. अमोनियाला नाकात झिणझिण्या आणणारा उग्र वास असतो. तो हवेपेक्षा हलका आहे, पण दाबाखालील द्रव अमोनिया फुटून बाहेर आला की त्याचे थंडगार पांढरे धुके काही वेळ जमिनीलगतच पसरते. पाण्यात तो चटकन विरघळतो, आणि म्हणूनच डोळे, नाक, घसा अशा ओलसर भागांना प्रथम भाजतो. क्लोरीन पिवळसर हिरवा असतो. विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरीचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो ओळखू येईल. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो, त्यामुळे गटार, तळघर, ओढा असा सखल भाग धरून वाहतो. (संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केली की हाच वायू आपल्या न्हाणीघरात तयार होतो, हेही गृहिणींनी ध्यानात ठेवावे.)

आता नियमाकडे येऊ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट सुटले. वस्तीला इशारा देणारा भोंगा थोडा वेळ वाजून लवकरच बंद झाला. हजारो लोक झोपेतून उठून वाट फुटेल तिकडे पळाले, त्यांतले कित्येक गॅसच्याच दिशेने. कारखान्यात काय साठवले आहे आणि ते सुटले तर काय करायचे, हे वस्तीला कोणी सांगितलेच नव्हते. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना, आसपासच्या रहिवाशांना व स्थानिक स्वराज्य संस्थेला देण्याचे बंधन आले. पुढे १९८९ साली पर्यावरण संरक्षण कायद्याखाली धोकादायक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांचे नियम झाले. साठा ठरावीक मर्यादेच्या वर असलेल्या कारखान्याने आवारातला आपत्कालीन आराखडा तयार ठेवायचा आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यायची. आवाराबाहेरचा, म्हणजे वस्तीचा, आराखडा सरकारी यंत्रणेने करायचा आणि त्याचीही वर्षातून एकदा तालीम घ्यायची. बाहेरच्या लोकांना धोका कोणता, आणि अपघात झाल्यास काय करावे व काय करू नये, हे कळवण्याची जबाबदारी कारखानदाराची आहे.

नियम चांगले आहेत. पण कागदावरच्या आराखड्याने कोणाचा श्वास वाचत नाही. ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणमजवळ एका प्लास्टिक कारखान्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली. बारा माणसे गेली, शेकडो रुग्णालयात पोहोचली. चौकशी समितीला आढळले की कारखान्यात भोंगा वाजवण्याची सोय ठिकठिकाणी होती, तो वाजवला मात्र कोणी नाही.

दुसरी अडचण आपल्यासारख्या गावांची आहे. वर सांगितलेली मर्यादा साठवणीसाठी अमोनियाला ६० टन आणि क्लोरीनला १० टन आहे. आपल्याकडचा बर्फाचा कारखाना सहसा तिच्या खूप खाली असतो. म्हणजे शेजाऱ्यांना सांगण्याचे हे बंधन त्याच्यावर लागू होत नाही. वायूला ही मर्यादा ठाऊक नसते! भिंतीपलीकडे शाळा असेल तर एखाद्या टनाची गळतीही पुरेशी आहे. अशा ठिकाणी मालकाने स्वतःहून सांगावे आणि शेजाऱ्यांनी संकोच न करता विचारावे, असे माझे मत आहे. त्यात त्याचा अपमान नाही.

विचारायचे कुठे? १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांप्रमाणे जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली संकट गट असतो, आणि जेथे मोठे धोकादायक कारखाने आहेत त्या औद्योगिक भागासाठी स्थानिक गट असतो. नागरिकाने मागितल्यास संभाव्य अपघाताची माहिती देणे हे या स्थानिक गटाचे कामच आहे. त्यात अग्निशमन अधिकारी, पोलीस, जवळच्या गावचे सरपंच यांच्याबरोबर दोन स्थानिक डॉक्टर आणि स्थानिक वृत्तपत्राचे संपादकही असावेत असे नियम सांगतो. तेव्हा आमच्या संपादकांनाही हे वाचून थोडे काम लागेल.

मालकाकडे गेलात तर फार तांत्रिक प्रश्न नकोत. कोणता वायू, किती, भोंगा कुठे, त्याचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो का, रात्रपाळीला कोण असते आणि हवाबंद श्वसनयंत्र किती आहेत, एवढे पुरे. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी छपरावर फडकत असेल तर ती रस्त्यावरूनही दिसते.

काही वर्षांपूर्वी एका बर्फाच्या कारखान्यात यंत्रातील साचलेले तेल काढताना अमोनियाचा फवारा उडाला. हे काम नेहमीचे वाटते, पण अमोनियाचे बरेच अपघात त्याच वेळी होतात. दोघांच्या डोळ्यांत तो गेला. एकाला सोबत्यांनी हौदाजवळ बसवून वीस मिनिटे डोळ्यांवर पाणी ओतले आणि मग माझ्याकडे आणले. दुसऱ्याला घाईघाईने तसेच मोटारसायकलवर बसवून आणले. पहिल्याची नजर शाबूत आहे. दुसऱ्याच्या उजव्या बुबुळावर पांढरा पडदा राहिला. अमोनिया ॲसिडपेक्षाही खोल शिरतो आणि धुतला नाही तर शिरतच राहतो. तेव्हा आधी पाणी, मग दवाखाना. लिंबू, दूध, तूप यांतले काहीही डोळ्यांत घालू नये. द्रव अमोनियाने कपडे अंगाला गोठून चिकटले असतील तर आधी भरपूर पाणी ओतावे, मग ते काढावेत.

गळती झाली तर वाऱ्याला आडवे, म्हणजे वारा एका बाजूने अंगावर येईल अशा दिशेने चालत दूर जावे. क्लोरीन असेल तर उंचावर जावे. बाहेर पडणे शक्य नसेल तर दारे-खिडक्या बंद करून फटींत ओले कापड कोंबावे आणि पंखा, कूलर बंद ठेवावा. ओल्या कापडाची जाड घडी नाकातोंडावर धरल्याने अमोनियापासून काही मिनिटे मिळतात. तेवढ्या भरवशावर कोणाला सोडवायला आत मात्र शिरू नये. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच पुष्कळदा दगावतात. क्लोरीनच्या गळक्या टाकीवर पाणी मारू नये. त्याने धातू कुरतडला जाऊन भोक मोठे होते.

क्लोरीन लागलेल्या माणसाला तासाभरात बरे वाटू लागते आणि तो घरी जाण्याचा हट्ट धरतो. तेथे फसू नये. फुप्फुसांत पाणी भरण्याची क्रिया काही तासांनंतरही सुरू होऊ शकते. त्याने चोवीस तास श्रम करू नयेत, जिना चढू नये, विडी-सिगारेट ओढू नये. रात्री खोकला वाढला, दम लागला किंवा फेसाळ कफ पडू लागला तर ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब हलवावे. नेताना त्याला चालवू नये आणि आडवे न निजवता टेकून बसवावे.