लस : सक्ती आणि जबाबदारी



‘कामावर यायचं तर आधी लस टोचून या’ असं मालकाला म्हणता येतं का? करोनाच्या काळात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. २ मे २०२२ च्या निकालात न्यायालयाने सांगितले : बळजबरीने कुणालाही लस टोचता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी बेताचे निर्बंध घालता येतात. रुग्ण कमी आहेत तोवर लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध मागे घ्यावेत, असेही सुचवले.

सहकारात मालक म्हणजे आपण सभासदच. आता ऊसतोडीतला धनुर्वात घ्या. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जंतू मातीत असतात, कोयत्याच्या जखमेतून शिरतात. म्हणजे ‘दुसऱ्याला लागेल’ हे सक्तीचे कारण इथे उरतच नाही. म्हणून आपली जबाबदारी सुटली का? आम्हांला तसे वाटत नाही. टोळी आपल्याच फडात राबते. हंगामाच्या सुरुवातीला डॉक्टर कोप्यांवर न्यावा, लस फुकट द्यावी, त्यापायी खाडा झाला तर मजुरी कापू नये. मुकादमाच्या दमावर दंड पुढे करायला लावणे ही काही आरोग्यसेवा नव्हे! पूर्वी लस न घेतलेल्याला चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. तोवर टोळी दुसऱ्या गावच्या फडात गेलेली असते. तेव्हा नोंद मजुराजवळच्या कार्डावर हवी, नुसती कारखान्याच्या वहीत नको.