लहान संग्रहालये, मोठा ठेवा

‘संग्रहालय’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. संग्रह म्हणजे जमवलेल्या वस्तू आणि आलय म्हणजे घर. जमवलेल्या वस्तूंचे घर ते संग्रहालय. उर्दूत आपण त्याला ‘अजायबघर’ म्हणतो. अजायब म्हणजे नवलाच्या वस्तू. दोन्ही शब्दांत घर आहेच. पण मराठी शब्द वस्तू जमवण्याकडे लक्ष वेधतो, तर उर्दू शब्द त्या पाहून होणाऱ्या आश्चर्याकडे. हे दोन्ही अर्थ मनात ठेवून आजचा पाठ वाचा.

संग्रहालय म्हटले की मुंबई, हैदराबाद अशा शहरांतील भव्य इमारती डोळ्यांसमोर येतात. राजांच्या तलवारी, हिरेमाणके, मोठमोठी चित्रे तेथे पाहायला मिळतात. पण सगळीच संग्रहालये अशी मोठी नसतात. काही एखाद्या खेड्यात असतात, तर काहींत एकाच प्रकारच्या वस्तू असतात. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाण्यांचे संग्रहालय आहे. कोल्हापूरजवळ कणेरी येथे जुने ग्रामजीवन पुतळ्यांच्या रूपाने उभे केले आहे. इंग्लंडच्या ग्रामीण भागात तर अशी लहान संग्रहालये पुष्कळ आहेत. तेथील केसविक नावाच्या गावात चक्क पेन्सिलींचे संग्रहालय आहे! त्या गावाजवळच्या डोंगरात सोळाव्या शतकात ग्रॅफाइट सापडले. मेंढपाळ त्याने आपल्या मेंढ्यांवर खुणा करीत. पुढे त्याच ग्रॅफाइटपासून पेन्सिली बनू लागल्या. सुमारे ८ मीटर लांबीची एक रंगीत पेन्सिल तेथे ठेवली आहे. ज्या पेन्सिलीने तुम्ही रोज लिहिता, तिचीही हकिकत सांगण्यासारखी असते, हे त्या गावाने ओळखले.

आपण मात्र रोजच्या वस्तूंची किंमत कशी करतो? मी माझ्याच घरची गोष्ट सांगते.

माझ्या दादीचे एक पितळी पानदान होते. त्यात कात, चुना, सुपारी यांसाठी वेगवेगळ्या लहान डब्या होत्या आणि एक सरोता होता. सरोत्याला मराठीत अडकित्ता म्हणतात. दुपारी शेजारच्या बायका दादीकडे जमत. पानदान मध्ये ठेवलेले असे. सरोत्याचा कट् कट् आवाज आणि दादीच्या गोष्टी एकाच वेळी चालत. दादी वारली. काही वर्षांनी घराची रंगरंगोटी निघाली. पानदान काळे पडले होते. झाकणाची कडी तुटली होती. दारावर भंगारवाला आला, तेव्हा मीच ते उचलून त्याच्या तराजूत टाकले. वजनावर पैसे मिळाले. त्या दिवशी मला त्याचे काहीच वाटले नाही.

पुढे बी.एड. करीत असताना आमची सहल पुण्याला गेली. तेथे आम्ही राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले. एका काचेच्या कपाटासमोर मी थांबले. त्यात अडकित्तेच अडकित्ते होते. काही साधे, काही नक्षीचे, काहींना प्राण्यांचे आणि पक्ष्यांचे आकार दिलेले. लोक वाकून वाकून पाहत होते. मला दादीचा सरोता आठवला. जी वस्तू मी तराजूत टाकली, तिच्यासारखीच वस्तू येथे काचेआड जपून ठेवली होती! मी तेथून लवकर हलू शकले नाही.

हे संग्रहालय एका माणसाच्या छंदातून उभे राहिले. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ साली झाला. ते ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. गावोगावी फिरून त्यांनी जुन्या वस्तू जमवल्या. दिवे, दौती, कुलपे, भांडी, वाद्ये, फण्या, खेळणी, कोरीव दरवाजे असे सारे काही त्यांनी गोळा केले. या कामात त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी त्यांना साथ दिली. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला. त्या मुलाच्या आठवणीसाठी त्यांनी संग्रहालयाला त्याचे नाव दिले. सुमारे २०,००० वस्तूंचा हा ठेवा त्यांनी पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० मध्ये केळकर वारले. त्यांनी जमवलेल्या बहुतेक वस्तू राजांच्या खजिन्यातील नाहीत. त्या स्वयंपाकघरातील, देवघरातील आणि माजघरातील आहेत.

पुणे आपल्यापासून लांब आहे, असे तुम्ही म्हणाल. मग आपल्या मराठवाड्यातच चला.

काही वर्षांपूर्वी मी शाळेतील मुलामुलींना घेऊन तेर या गावी गेले होते. पहाटे परभणीहून निघालो. परळी, अंबाजोगाई, लातूर ही गावे मागे टाकत आम्ही धाराशिव जिल्ह्यात पोहोचलो. तेर हे तेरणा नदीच्या काठी वसलेले गाव आहे. संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणून ते सर्वांना माहीत आहे. पण त्याची कीर्ती त्याहूनही जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचे नाव ‘तगर’ होते. पहिल्या शतकात एका ग्रीक लेखकाने सागरी व्यापाराची माहिती देणारे पुस्तक लिहिले. त्यात तगर हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर आहे, असे सांगितले आहे. तगरचे कापड गाड्यांतून अवघड वाटांनी भडोच बंदराकडे जात असे आणि तेथून जहाजाने परदेशी रवाना होत असे.

‘‘मॅडम, याला पुरावा काय?’’ एका मुलाने विचारले. प्रश्न योग्य होता. पुस्तकातील माहिती एका बाजूने कळते. तिचा पुरावा जमिनीतून मिळतो. जुन्या वस्तीच्या जागी मातीची टेकाडे तयार होतात. पाऊस पडला की माती वाहून जाते आणि मणी, खापरे, नाणी उघडी पडतात. आपल्याकडे लोक अशी पांढरी माती घराच्या माळवदावर टाकण्यासाठी खणून नेत. त्या मातीबरोबर किती वस्तू नाहीशा झाल्या असतील, याचा हिशेब कोण करणार? तेरमध्ये मात्र हा हिशेब ठेवणारा एक माणूस निघाला. त्यांचे नाव रामलिंगप्पा लामतुरे. गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या आणि जपल्या. त्यांच्या संग्रहातूनच तेरचे संग्रहालय उभे राहिले. ते शासनाचे असले, तरी आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या संग्रहात मातीचे दिवे आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, रंगीत दगडांचे मणी आहेत, सातवाहन राजांची नाणी आहेत. रोमन नाण्यांची नक्कल करून बनवलेली मातीची पदकेही तेरला सापडली आहेत. पण सर्वांत प्रसिद्ध आहे ती हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती. तशीच एक भारतीय मूर्ती १९३८ साली हजारो मैल दूर इटली देशातील पाँपेई या शहरात सापडली. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली हे शहर गाडले गेले होते. म्हणजे त्या वर्षाच्या आधीच ती मूर्ती भारतातून तेथे पोहोचली होती. दोन्ही मूर्तींत इतके साम्य आहे, की पाँपेईची मूर्तीही महाराष्ट्रातच घडली असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. तळहाताएवढ्या वस्तूने एका खेड्याचे नाते समुद्रापलीकडच्या शहराशी जोडून दिले!

माझ्याबरोबर आलेली एक मुलगी मात्र मूर्तीपेक्षा मातीच्या दिव्यांकडे अधिक वेळ पाहत होती. ती म्हणाली, ‘‘मॅडम, वीज गेली की माझी नानी असाच दिवा लावते.’’ मुलांना हसू आले. मला मात्र तिचे म्हणणे फार आवडले. संग्रहालय पाहायचे ते असेच. काचेआडच्या वस्तूचे आपल्या घराशी असलेले नाते शोधायचे.

तुम्ही संग्रहालय पाहायला जाल, तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा. जाण्याआधी ते कोणत्या दिवशी आणि किती वाजता उघडे असते, याची चौकशी करा. सर्व वस्तू घाईघाईने पाहू नका. पाचच वस्तू निवडा, पण नीट पाहा. प्रत्येक वस्तूला चार प्रश्न विचारा : तू कशाची बनली आहेस? तुला कोणी बनवले? तुझा उपयोग कोण करीत असे? तू येथे कशी आलीस? शेजारच्या पाटीवर काही उत्तरे मिळतील. बाकीची वहीत लिहून आणा आणि शिक्षकांना विचारा. वस्तूंना हात लावू नका. आपल्या हाताला घाम आणि तेलकटपणा असतो. त्यामुळे धातू गंजतो आणि कागद, कापड खराब होते. एका हाताने फारसे बिघडणार नाही. पण हजार हातांनी वस्तू संपून जाईल.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. शेतात, नदीकाठी किंवा पाया खणताना एखादी जुनी वस्तू सापडली, तर ती घासूनपुसून घरी नेऊ नका आणि विकू तर मुळीच नका. ती कोठे सापडली, किती खोल होती, तिच्याजवळ आणखी काय होते, यावरून अभ्यासकांना तिचा काळ कळतो. जागा बदलली की वस्तू मुकी होते. म्हणून वडीलधाऱ्यांना सांगा आणि तलाठी किंवा तहसीलदार यांना कळवा. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर शासनाला द्यावी, असा कायदा आपल्या देशात १८७८ पासून आहे.

आपला परभणी जिल्हाही या बाबतीत गरीब नाही. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे जुनी मंदिरे आणि बारव आहे. सेलू तालुक्यातील वालूर येथेही जुन्या बारवा आहेत. बारव म्हणजे पायऱ्या असलेली विहीर. दगडाच्या पायऱ्या उतरून लोक पाण्यापर्यंत जात. ही सारी उघड्यावरची संग्रहालयेच आहेत. त्यांना तिकीट नाही आणि काचही नाही. म्हणूनच त्यांची काळजी आपण घ्यायची आहे. तेथे कचरा टाकणे, भिंतीवर नावे कोरणे हे आपल्याच घराच्या भिंतीवर ओरखडे काढण्यासारखे आहे.

आणि आपले घर? १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी संस्थानाचे नाणे वेगळे होते; त्यावर चारमिनारचे चित्र असे. सरकारी कारभार उर्दूत चाले. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे एखादे नाणे असेल. जुन्या पेटीत उर्दूतील शेतीचे कागद, पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा एखादे पत्र असेल. अनेक घरांत आता ते कागद कोणाला वाचता येत नाहीत. पण तुम्हाला उर्दू येते आणि मराठीही येते. तो कागद वाचून त्यातील मजकूर शेजाऱ्याला मराठीत समजावून सांगणे तुम्हाला जमेल. हे काम लहान नाही.

आज घरी गेल्यावर एक करा. दादी, नाना किंवा शेजारच्या एखाद्या आजीजवळ बसा. घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती, ते विचारा. तिचे चित्र वहीत काढा. तिचे नाव मराठीत आणि उर्दूत लिहा. ती कोणी, कधी आणि कोठून आणली, ते टिपून ठेवा. वस्तू एकदा गेली की परत येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. दादीच्या पानदानात किती डब्या होत्या, हेसुद्धा आज मला नक्की आठवत नाही. सांगणारे माणूसही नेहमी आपल्याजवळ राहत नाही. म्हणून विचारायला उशीर करू नका.

शब्दार्थ
ठेवा – जपून ठेवलेली मौल्यवान गोष्ट
छंद – आवड, नाद
दौत – शाईची बाटली
माजघर – घराचा मधला भाग
टेकाड – लहान टेकडी, उंचवटा
खापर – मातीच्या भांड्याचा तुकडा
माळवद – मातीचे सपाट छप्पर
हस्तिदंत – हत्तीचा दात
साम्य – सारखेपणा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तेर गावाचे प्राचीन नाव काय होते?
(आ) केळकरांनी संग्रहालयाला कोणाचे नाव दिले?
(इ) बारव म्हणजे काय?
२. कारणे द्या.
(अ) संग्रहालयातील वस्तूंना हात लावू नये.
(आ) सापडलेली जुनी वस्तू घरी नेऊ नये.
३. ‘जागा बदलली की वस्तू मुकी होते’ या वाक्याचा अर्थ चार-पाच ओळींत लिहा.
४. उपक्रम : वर्गातील सर्वांनी आपापल्या घरातील एका जुन्या वस्तूची माहिती लिहून आणा. त्या पानांची एक वही शिवा आणि ती शाळेच्या ग्रंथालयात ठेवा.