सायकल विमानात बसते तेव्हा



चिकोडी परिसरातल्या मुलांना सायकल काही नवी नाही. २००६-०७ पासून पुढे काही वर्षे कर्नाटक सरकारने आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली दिल्या. त्या सायकलींवरून कितीतरी मुले-मुली वाडी-वस्तीवरून शाळेला आली. पण हीच सायकल विमानाने न्यायची झाली तर?

आमचा एक माजी विद्यार्थी एका सायकल स्पर्धेसाठी विमानाने निघाला. सायकल खोक्यात बांधली, वजन भरले १७ किलो. तिकिटावर १५ किलो सामान मोफत होते. दोन किलोचे जादा पैसे द्यावे लागतील, एवढा हिशेब करून तो गेला. खिडकीवर कळले, की खोके आकाराने मोठे असल्यामुळे त्याचे शुल्क वेगळे. खिशातले पैसे पुरेनात. शेवटी घरी फोन करून पैसे मागवावे लागले आणि विमान जेमतेम मिळाले. त्याने वजन बरोबर केले होते. चुकले ते माप. म्हणून आज आपण हे गणित शिकू.

पहिले माप : लांबी, रुंदी, उंचीची बेरीज

बहुतेक विमान कंपन्या प्रवाशाच्या एका नगाची लांबी, रुंदी आणि उंची मिळवून बेरीज पाहतात. ती साधारणपणे १५८ सेंटीमीटर, म्हणजे ६२ इंचांच्या आत लागते. पुढचे चाक काढून बांधलेल्या सायकलीचे खोके १४० × ८० × २० सेंटीमीटरचे धरू. बेरीज होते २४०. म्हणजे वजन कितीही कमी असले तरी खोके मोठेच ठरणार. काही कंपन्या सायकलीला ठरावीक शुल्क लावतात, काही वजनाच्या मर्यादेत बसली तर तशीच नेतात, काही जादा किलोप्रमाणे पैसे घेतात. एक नग ३२ किलोंच्या वर गेला तर तो सहसा घेतच नाहीत, कारण तो माणसांना उचलावा लागतो.

दुसरे माप : घनफळ

सायकल प्रवाशाबरोबर न नेता मालवाहतुकीने पाठवली तर हिशेब निराळा. खोक्याचे घनफळ घन सेंटीमीटरमध्ये काढून त्याला ६००० ने भागतात. आलेले उत्तर आणि खरे वजन, यांतले जे जास्त त्याचे पैसे.

१४० × ८० × २० = २,२४,०००
२,२४,००० ÷ ६००० = ३७.३ किलो

खरे वजन १७ किलो, पण पैसे ३७ किलोंहून अधिकचे! कुरियरवाले पुष्कळदा ५००० ने भागतात, मग ४४.८ किलो.

हा अन्याय वाटेल. पण ट्रॉलीभर पाचट आठवा. वजन थोडे, तरी ट्रॉली भरलीच ना? मग भाडे पूर्ण ट्रॉलीचेच. विमानाच्या पोटातही तसेच आहे. जागा अडली की दुसऱ्याचा माल राहतो.

बांधताना

पेडल काढायला १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नका. हँडल वळवून फ्रेमला बांधावे, सीट खाली करावी. टायरमधली हवा कमी करायला सांगतात. वर गेल्यावर विमानातला हवेचा दाब जमिनीवरच्या दाबापेक्षा सुमारे चार पौंडांनी कमी होतो. म्हणून ६० पौंड भरलेला टायर ६४ पौंडांसारखा ताणतो. टायर त्याने फुटत नाही, पण कंपनीचा नियम असेल तर पाळावा. विजेच्या सायकलीची गोष्ट वेगळी. १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही, आणि अशा सायकलींच्या बॅटऱ्या सहसा त्याहून मोठ्याच असतात.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या वीस वर्षांच्या मुलीने २०१८ साली १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवली. सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून. मध्ये समुद्र आले ते विमानानेच ओलांडावे लागले. म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यालाही हँडलइतकाच पाना हातात धरता यावा लागतो.

तिकीट काढण्याआधीच कंपनीला चार गोष्टी विचाराव्यात : सायकल घेता का, शुल्क किती, आकाराची मर्यादा कोणती, आधी कळवावे लागते का. मध्ये विमान बदलायचे असून तिकिटे दोन वेगळी असतील, तर शुल्कही दोनदा पडू शकते.

स्वाध्याय

दोन्ही चाके काढून खोके ११० × ७५ × २५ सेंटीमीटरचे केले. (१) तिन्ही मापांची बेरीज किती? (२) मालवाहतुकीत किती किलोंचे पैसे पडतील? (३) पहिल्या खोक्यापेक्षा फायदा कशात जास्त झाला?

उत्तरे : (१) २१० सेंटीमीटर. (२) सुमारे ३४.४ किलो. (३) हे उत्तर वर्गात दोघांनी मिळून काढावे. घरची सायकल टेपने मोजून पाहिल्यास लवकर सुचेल.