आधी तिथी, मग तिकीट, मग बोट: तिवशाहून घारापुरीची याटसफर

वर्धा नदी तिवसा तालुक्याच्या कडेने वाहते. कौंडण्यपूरच्या घाटावर बसले की तिचा ओघ एकाच दिशेने जाताना दिसतो. पुढे वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करत तो बंगालच्या उपसागराला मिळतो. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणात पाणी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. समुद्राचे पाणी मात्र दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. वऱ्हाडातून समुद्रावर जाणाऱ्यांच्या आखणीत नेमके हेच राहून जाते. गाडी, हॉटेल, जेवण सगळे ठरते, भरती-ओहोटी कोणी पाहत नाही. मग धक्क्यावर ताटकळणे, डुचमळत्या बोटीतून घाबरत उतरणे, परतीच्या गाडीसाठी धावपळ, आणि निवांतपणासाठी काढलेला दिवस दमवून जातो.

तिवशाहून खाजगी याटने एक दिवस बेटावर घालवायचा असेल तर सर्वांत सोयीचे मुंबई बंदरातले घारापुरी, म्हणजे एलिफंटा, बेट आहे. मालवणचा सिंधुदुर्ग सुंदर आहे, पण त्याला तीन-चार दिवस हवेत. मुंबईला दोन रात्री रेल्वेत आणि एक दिवस पाण्यावर, असे जमते. शुक्रवारी संध्याकाळी निघालेली मंडळी रविवारी सकाळी घरी असतात.

तिथी कशी निवडावी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चपासून ऊन चढते आणि दुपारचा वारा जोर धरतो. जून ते सप्टेंबर हा बेत मनातही आणू नये.

महिना ठरला की भिंतीवरची दिनदर्शिका काढा. कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, दशमीला साडेसात. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. हा अंदाज आहे, म्हणून जाण्याआधी मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहा. पण घरबसल्या शनिवार निवडायला तो पुरतो.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा मुंबईत भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो आणि पाण्याला ओढ असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे हा फरक सर्वांत कमी. दिवसाच्या सफरीसाठी तृतीया ते पंचमी हा पट्टा मला सर्वांत योग्य वाटतो. या दिवशी ओहोटी सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान होऊन जाते आणि नंतर दुपारपर्यंत पाणी चढत राहते. चढते पाणी बंदरात आत, म्हणजे घारापुरीच्या बाजूला, वाहते. बोटीला साथ मिळते आणि उथळ किनाऱ्याजवळ तासागणिक पाण्याची खोली वाढत जाते. संकष्टी किंवा विनायकी चतुर्थी दिनदर्शिकेत ठळक छापलेली असते. तिच्या अलीकडचा-पलीकडचा शनिवार शोधला की झाले. चतुर्थीचा उपवास असेल तर साबुदाणा, केळे काहीतरी खाऊन निघा. रिकाम्या पोटी बोट लवकर लागते.

गाडीचे तिकीट

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. शनिवार ठरला की त्यासाठीचे आरक्षण उघडताच तिकीट काढा, जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही. अमरावती–मुंबई एक्स्प्रेस संध्याकाळी अमरावतीहून सुटते आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसही आहे. तिवशाहून महामार्गाने मोझरीवरून अमरावती गाठायला एसटीने तासाभराच्या पुढे लागू शकते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. धामणगाव जवळ पडणाऱ्यांनी तिथे थांबणाऱ्या गाड्या पाहाव्यात.

सकाळी उतरल्यावर स्टेशनच्या प्रतीक्षालयात आवरून घ्या. मोठ्या बॅगांना कुलूप लावून त्या क्लोकरूममध्ये ठेवा. गेटवे ऑफ इंडिया तिथून अडीच किलोमीटरच्या आसपास आहे, टॅक्सीने काही मिनिटांत पोहोचता येते.

बोट ठरवताना विचारायचे प्रश्न

याटचे भाडे माणशी नसते. पूर्ण बोट तासांच्या हिशेबाने मिळते. म्हणून आठ-दहा जणांचा गट झाला तरच खर्च आवाक्यात येतो. शनिवार-रविवारी आणि सूर्यास्ताच्या वेळी दर वाढतात. सकाळची वेळ मागा. ती स्वस्तही पडते आणि पोटालाही सोसते, कारण समुद्रावरचा वारा दुपारनंतर वाढतो.

पैसे भरण्याआधी एवढे विचारून लेखी घ्या:

- बोटीची नोंदणी आणि प्रवासी वाहतुकीचा परवाना आहे का, आणि किती माणसांचा?
- प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का? लहान मुलांच्या मापाची आहेत का?
- घारापुरीच्या धक्क्याला बोट लावता येईल का? अनेक याट फक्त बेटाजवळून फिरवून आणतात.
- भाड्यात इंधन, खलाशी, बंदराचे शुल्क आणि कर धरले आहेत का?
- हवामानामुळे सफर रद्द झाली तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते?

लाइफ जॅकेट बोटीत असून भागत नाही, ते अंगावर बांधलेले असावे लागते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. त्या दिवशी समुद्र खवळलेला नव्हता. पट्टीचा पोहणारा असो की आयुष्यभर वर्धेत डुंबलेला, जॅकेट सगळ्यांनी घालावे, आणि धक्का सोडण्याआधी घालावे.

याट परवडत नसेल तर गेटवेहून घारापुरीला साध्या प्रवासी बोटी जातात. तासाभराचा प्रवास, तेच पाणी आणि तेच बेट. तिथी, गाडी आणि सुरक्षिततेची आखणी त्यांनाही लागू पडते.

पाण्यावरचा दिवस

साडेनऊच्या सुमारास निघा. बहुतेक याट बंदरात नांगरलेल्या असतात आणि पायऱ्यांपासून त्यांच्यापर्यंत छोट्या होडीने जावे लागते. होडीतून याटवर चढणे हा दिवसातला सर्वांत अवघड क्षण आहे. दोन्ही हात मोकळे ठेवा, पिशव्या खलाशाकडे द्या, तो म्हणेल तेव्हाच पाऊल टाका. साडीपेक्षा सलवार-कुर्ता बरा. रबरी तळव्याचे, पायात घट्ट बसणारे बूट घाला.

वाटेत मोठी जहाजे, नौदलाची गोदी आणि तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप दिसेल. जवाहर द्वीपावर उतरायला मनाई आहे. ड्रोन उडवण्याचा विचार करू नका. हिवाळ्यात कुरव पक्षी बोटीच्या मागे येतात. त्यांना चिप्स, फरसाण टाकू नका. ते त्यांचे अन्न नाही.

साडेदहा-अकराला बेटावर उतरा. धक्का लांबलचक आहे, कारण इथे किनारा उथळ आणि चिखलाचा आहे. पुढे सुमारे १२० पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते. लेण्यांमध्ये थेट त्रिमूर्तीसमोर जा. सहा मीटरच्या आसपास उंचीचे हे सदाशिवाचे शिल्प दगडी दालनाच्या आतल्या भिंतीत आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत तिथे उभे राहा, मग चेहऱ्यांचे भाव उमटू लागतात. साधारण सहाव्या शतकातली ही लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो आता भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. लेणी सोमवारी बंद असतात. माकडे हातातले खाणे हिसकावतात, म्हणून डबा बोटीतच ठेवा.

दोन तासांत परत या आणि बोटीवर जेवा. एवढेच करायचे. मांडवा, खांदेरी आणि घारापुरी एकाच दिवसात बसवायला जाऊ नका. खांदेरीचा किल्ला १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला आणि २०२५ मध्ये तो मराठा लष्करी स्थळांसह जागतिक वारसा ठरला. त्याला वेगळा दिवस द्यायला हवा. आज नांगर टाकून दीड तास नुसते बसा. या बंदरात पोहायला उतरू नका, पाणी गढूळ आहे आणि ओढ दिसत नाही.

डबा आणि औषध

आपल्याकडे गाडी लागते, इथे बोट लागते. ज्यांना घाटातल्या एसटीत मळमळते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आणावी आणि निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. बोटीत मध्यभागी बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी, मोबाइल पाहू नये. खालच्या केबिनमध्ये जाऊन आडवे पडले तर त्रास वाढतो.

तेलकट-तिखट टाळा. ठेचा घरीच राहू द्या. दशम्या, चटणी, मुरमुरे, केळी उत्तम. वरूड-मोर्शीची आंबिया बहराची संत्री हिवाळ्याच्या सुरुवातीला निघतात. पिशवीभर संत्री न्या, मळमळ होत असेल तर सालीचा वास घेऊन बरे वाटते. साली आणि कागद मात्र परत आणा. प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, गॉगल, सनस्क्रीन आणि मोबाइलसाठी वॉटरप्रूफ पिशवी एवढे पुरे. पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन हनुवटीखालीही पोळते.

परत येताना

तीन-साडेतीनपर्यंत गेटवेला पाय लागले पाहिजेत. गाडी संध्याकाळनंतर आहे, तरी मधले चार तास राखूनच ठेवा, कारण समुद्रावर उशीर होऊ शकतो आणि तो कुणाच्या हातात नसतो. वेळ उरलाच तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जवळ आहे. सकाळी कॅप्टनने वाऱ्यामुळे बोट काढायला नकार दिला तरी दिवसाचा बेत या संग्रहालयापासूनच सुरू करा. कॅप्टनशी हुज्जत घालू नका, जास्त पैशांचे आमिष दाखवू नका आणि नाही म्हणणाऱ्याला सोडून हो म्हणणारी दुसरी बोट शोधू नका. ज्याने नाही म्हटले त्याच्याचकडे पुढच्या चतुर्थीच्या आसपासचा शनिवार राखून ठेवा. तो माणूस भरवशाचा आहे.