टेस्टरने पेच कसू नये : विजेच्या कामासाठी पेचकसाची निवड

आपल्या दुकानातील गल्ल्याखालचा खण एकदा उघडून पाहावा. कैची, मीटरपट्टी आणि पावतीपुस्तकांच्या सोबतीला त्यात एक टेस्टर हमखास सापडतो. गोंदियाच्या बाजारात कापडाचे दुकान असो, किराण्याचे असो की शिवणकामाचे, विजेच्या कामाचे हे एकच हत्यार बहुतेकांकडे असते. त्यानेच वीज आहे की नाही ते पाहतात आणि प्लग उघडतात. पेचही त्यानेच कसतात. आम्ही कापडाच्या धंद्यातले, वीजतंत्री नव्हे. परंतु ज्या मालावर आमची रोजी चालते तो एका ठिणगीने पेट घेणारा आहे. म्हणून वायरमन कारागिरांकडून या विषयाची जी माहिती आम्ही वेळोवेळी समजून घेतली, त्यातील पेचकसाचा भाग वाचक बंधूंपुढे ठेवीत आहोत.

उर्दूत या हत्याराला पेचकश असेही म्हणतात. फारसीत ‘पेच’ म्हणजे वळसा आणि ‘कश’ म्हणजे ओढणारा. आपल्याकडे त्याचा पेचकस झाला, आणि कसण्याचा अर्थ त्यात आपोआप येऊन बसला. काम मात्र दोन्ही अर्थांनी तेच आहे, तार पितळेच्या तुकड्यावर घट्ट दाबून धरणे.

ही दाब कमी पडली तर काय होते, ते हिशेबाने पाहू. दीड टनाचा एसी साधारण ८ अँपिअर वीज घेतो. समजा, त्याच्या प्लगमधील पेच थोडा ढिला राहिला आणि त्या जोडावर फक्त ०.४ ओहम अडथळा निर्माण झाला. उष्णतेचा हिशेब असा की, अँपिअरला अँपिअरने गुणायचे आणि त्याला अडथळ्याने गुणायचे. आठ आठे चौसष्ट, गुणिले ०.४, म्हणजे २५ वॉटच्या थोडे वर. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील सोल्डरिंगची कांडी २५ वॉटची असते आणि ती शिसे-कथील वितळवते. तेवढीच उष्णता प्लॅस्टिकच्या बंद प्लगमध्ये, दुकान उघडे आहे तोवर कोंडून राहते. एसी मात्र नेहमीप्रमाणे चालतो, कारण व्होल्टेज जेमतेम ३ ने घटते.

यातील खरी धोक्याची बाब पुष्कळांना ठाऊक नसते. असा ढिला जोड तापत असताना एमसीबी पडत नाही. एमसीबी पडते ती वीज जास्त ओढली गेली तर, आणि येथे तर ८ च अँपिअर चालू आहेत. गळतीवर पडणारे ईएलसीबी किंवा आरसीसीबीही गप्प राहते, कारण वीज बाहेर कोठे गळतच नाही. ‘बोर्डात नवीन एमसीबी बसविली आहे, आता चिंता नाही’ असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, ढिल्या पेचाचा पहारा ती करीत नाही.

आगीचे नाव काढले की आपल्या भागातील माणसाला दोन तारखा आठवतात. २१ डिसेंबर २०१६ च्या पहाटे गोंदियातील एका हॉटेलला आग लागून सात जणांचा जीव गेला. शॉर्टसर्किट हे कारण त्यावेळी सांगण्यात आले. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री शेजारच्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके दगावली, तेथेही विजेच्या दोषाचीच चर्चा झाली. या आगी ढिल्या पेचामुळे लागल्या असे आमचे मुळीच म्हणणे नाही. मात्र ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द आपण जेथे तेथे वापरतो, आणि त्याच्या आत किती निरनिराळी कारणे दडलेली असतात याचा विचार करीत नाही. ढिला जोड हे त्यातील एक कारण आहे, आणि ते दूर करणे आपल्या हातातले आहे.

आता टेस्टरकडे वळू. टेस्टरच्या आत निऑनचा छोटा दिवा असतो आणि त्याच्यासोबत दहा लाख ओहमच्या आसपासचा एक रोधक. त्या रोधकामुळेच आपल्या अंगातून अगदी नाममात्र वीज जाते आणि दिवा लुकलुकतो. त्याचे पाते बारीक असते, कारण ते सॉकेटच्या भोकात जावे लागते. कसण्याचा जोर सोसण्यासाठी ते बनविलेलेच नाही. त्याने पेच कसला तर तीन नुकसान होतात. पहिले, बारीक पाते खाचेच्या मध्येच फिरते, पेच पुरेसा कसला जात नाही आणि कारागिराला वाटते की कसला. दुसरे, पितळेचा मऊ पेच खाचेत झिजतो आणि पुढच्या वेळी योग्य पेचकसही त्यात धरत नाही. तिसरे नुकसान सर्वांत वाईट. पीळ देऊन देऊन टेस्टरच्या आतील स्प्रिंग, दिवा किंवा रोधक हलतो, आणि मग वीज चालू असतानाही तो दिवा लागत नाही. अशा टेस्टरवर भरवसा ठेवून तारेला हात लावला तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून टेस्टर वापरण्यापूर्वी तो चालू असलेल्या सॉकेटवर लावून तपासावा, काम झाल्यावर पुन्हा तपासावा, आणि पेच कसण्यासाठी हाती घेऊच नये.

चपट्या पेचकसाची निवड दोन मापांनी होते. पात्याची रुंदी सर्वजण पाहतात, जाडी कोणी पाहत नाही. वस्तुतः जाडी अधिक महत्त्वाची आहे. पाते खाचेत उभे करून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. ते डगडगत असेल तर जाडी कमी आहे. पात्याचे टोक खाचेच्या तळाला टेकले पाहिजे आणि रुंदीने पेचाच्या डोक्याइतके, किंवा किंचित कमी असले पाहिजे. डोक्याबाहेर आले तर ते भोवतालचे प्लॅस्टिक कुरतडते. चांगल्या पेचकसावर मापे छापलेली असतात : ०.४ गुणिले २.५, ०.५ गुणिले ३, ०.६ गुणिले ३.५, ०.८ गुणिले ४, १ गुणिले ५.५ मिलिमीटर. पहिला आकडा जाडीचा, दुसरा रुंदीचा. स्ट्रिप कनेक्टरच्या बारीक पेचांना २.५ किंवा ३ चे पाते, प्लग, होल्डर व स्विचच्या बहुतेक पेचांना ३ ते ४ चे, आणि एमसीबी व मेन स्विचच्या मोठ्या पेचांना ५.५ चे, असा ढोबळ अंदाज धरावा. अखेरचा निर्णय मात्र खाचेत पाते घालूनच करावा. कापड हाताला लावल्याखेरीज आम्ही त्याचा भाव सांगत नाही, तसेच हे.

आणखी एक गोष्ट. काही पेचकसांचे पाते टोकाकडे पंख्यासारखे पसरट होते. सुताराच्या मोठ्या स्क्रूला ते चालते. विजेच्या जोडांतील पेच मात्र भोकाच्या तळाशी बसलेला असतो आणि पसरट पाते त्या भोकात जातच नाही. तेथे दांडीइतक्याच रुंदीचे सरळ पाते घ्यावे.

फुलीच्या पेचात गफलत जास्त होते, कारण बाजारात फुली दिसली की ती एकच समजतात. अमेरिकेच्या हेन्री फिलिप्स यांनी १९३० च्या दशकात फुलीचा पेच बाजारात आणला आणि १९३६ मध्ये कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्यात तो वापरला गेला. त्याच्या फुलीच्या भिंती उतरत्या आहेत, त्यामुळे जोर वाढला की पेचकस वर सरकून निसटतो. पुढे १९६० च्या दशकात पोझिड्राइव्ह नावाची दुसरी फुली आली. तिच्या भिंती जवळजवळ उभ्या आहेत, म्हणून ती निसटत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. पोझिड्राइव्ह पेचाच्या डोक्यावर मोठ्या फुलीच्या मध्ये तिरप्या चार बारीक रेघा असतात. पेचकसावर फिलिप्ससाठी ‘पीएच’ आणि पोझिड्राइव्हसाठी ‘पीझेड’ ही इंग्रजी अक्षरे व पुढे १, २ असा क्रमांक असतो. एकाचा पेचकस दुसऱ्यात बसल्यासारखा वाटतो, पण नीट बसत नाही, आणि पेचाचे डोके खराब होते.

पुष्कळ एमसीबींच्या पेचांवर फुली आणि आडवी खाच दोन्ही एकत्र असतात. तेथे साधा फुलीचा पेचकस अर्ध्यावरच धरतो. या पेचांसाठी ‘प्लस-मायनस’ टोकाचा खास पेचकस मिळतो. तो नसेल तर जाड चपटे पाते फुलीपेक्षा बरे. किती कसावे, हे एमसीबीच्या अंगावर किंवा तिच्या माहितीपत्रकात न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते, बहुधा २ किंवा त्याच्या आसपास. तराजू वापरणाऱ्यांना हे असे समजेल : १० सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाला २ किलोचे वजन टांगले की जेवढा पीळ बसतो, तेवढा. बारीक पेचाला याच्या चौथ्या हिश्शाइतकाच पीळ पुरतो. अंगातली सारी ताकद लावून कसणारा कारागीर बारीक पेचाचे आटेच तोडतो, आणि तुटलेल्या आट्याचा पेच वरून घट्ट दिसतो.

पेचकस बरोबर असला तरी तार चुकीची बसली तर उपयोग नाही. पेचाखाली तारेचे इन्सुलेशन दबता कामा नये, आणि बाहेर उघडे तांबेही दिसता कामा नये. तारेचे बारीक धागे एकत्र पिळून किंवा लग दाबून मगच घालावेत. काही जण टोकाला सोल्डर लावून ते पेचाखाली कसतात. हे टाळावे, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरते आणि जोड आपोआप ढिला होतो. जुन्या इमारतींतील ॲल्युमिनियमच्या तारांचीही हीच खोड आहे, म्हणून तेथे जोडांची तपासणी अधिक वेळा व्हावी.

हादरे बसणाऱ्या जागी पेच लवकर सुटतात. भिवंडी-मालेगावच्या लूम कारखान्यांशी आमचा मालाचा संबंध आहे. तेथे साचे दिवसभर धडधडतात आणि स्टार्टर व मोटरचे जोड सुटत राहतात. गोंदियाच्या तांदूळ गिरण्यांत हादऱ्यांच्या जोडीला कोंड्याची धूळही असते. मोटर लावलेली शिलाई मशीन लहान खरी, पण तिचा प्लग रोज काढला-घातला जातो, तोही बघावा. सण आणि लग्नसराईत दुकानात जादा दिवे-पंखे लागतात. तपासणी त्याच्या आधी उरकावी. प्लगला हात लावून तो गरम लागला, सॉकेट पिवळे-तपकिरी झाले, किंवा माशासारखा वास आला, तर ती वस्तू तत्काळ बंद करावी.

वीज बंद करूनच पेचाला हात लावावा, हे पहिले. आता बाजारात १००० व्होल्टची खूण असलेले इन्सुलेटेड पेचकस मिळतात. त्यांवर दोन त्रिकोणांचे चिन्ह असते आणि टोकाखेरीज सर्व दांडीवर आवरण असते. साध्या पेचकसाची प्लॅस्टिकची मूठ किंवा त्यावर गुंडाळलेली टेप म्हणजे इन्सुलेशन नव्हे. मात्र आवरणामुळे दांडी जाड होते, म्हणून आपल्या जोडाच्या भोकात ती जाते की नाही हे पाहून घ्यावे. प्लग-होल्डरपुरते काम आपण करावे. बोर्ड आणि मेन स्विचचे काम परवानाधारक वायरमनचे आहे, आणि मीटरच्या सीलखालचे पेच महावितरणचे. वायरमन आला की तो बोर्डाचे पेच कशाने कसतो एवढे मात्र उभे राहून पाहावे. खिशातून टेस्टर निघाला तर आपला पेचकस पुढे करावा.

खरेदीला जाताना एक खराब झालेला प्लग आणि एक जुनी एमसीबी पिशवीत टाकून न्यावी. साडीवर ब्लाऊजपीस जुळवायला ग्राहक आमच्याकडे साडीच घेऊन येतात, तसाच हा प्रकार. हार्डवेअरच्या दुकानात तेथल्या तेथे पाते खाचेत घालून पाहावे. ३, ३.५ आणि ५.५ ची तीन सरळ पाती व एक प्लस-मायनस, एवढे चार नग दुकानाला पुष्कळ झाले. मुठीवर माप ठळक लिहून ठेवावे, आणि टेस्टर त्यांच्यापासून वेगळ्या खणात.